कशावरून : व्यक्तिचित्र-संग्रहाच्या सूचीकरणाच्या नोंदी

४ ऑगस्ट

व्यक्तिचित्रांच्या खोक्यांचे काम आजपासून हाती घेतले. या संग्रहात दोन प्रकारचे साहित्य एकत्र आहे : सतराव्या शतकापासून पुढची कोरीव छापचित्रे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छायाचित्रे. राजे, सेनापती, वक्ते, शास्त्रज्ञ, नट, धर्मोपदेशक अशा ज्या ज्या लोकांचे चेहरे त्यांच्या काळात पैसे देऊन विकत घेतले जात, ते सगळे येथे नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावलेले आहेत. जुनी सूची एका ओळीची आहे. ‘लिंकन, अब्राहम. कोरीव चित्र. मोठे.’ एवढ्यावरच आजवर वाचकाची बोळवण होत आली आहे.

या सूचीमागची दृष्टी मुळीच विक्षिप्त नाही. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी १८५६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या विश्वस्तांनीही चित्रकाराच्या गुणवत्तेपेक्षा चित्रित व्यक्तीच्या कीर्तीकडे पाहायचे, असे धोरण ठरवले होते. भिंतीवर काय लावावे हे ठरवायला ते पुरेसे असेल. पण ज्या संग्रहात एकाच माणसाची चाळीस चित्रे आहेत आणि त्यांतली तीस एकमेकांची नक्कल आहेत, तेथे केवळ नावाने काहीच उलगडत नाही. त्या माणसासमोर प्रत्यक्ष कोण बसले होते, आणि बाकीच्यांनी कोणाचे पाहून काढले, हे सांगितल्याशिवाय सूची पुरी होत नाही.

म्हणून नव्या तक्त्यात एक रकाना वाढवला. त्याला आधी ‘मूळ स्रोत’ असे भारदस्त नाव दिले होते. संध्याकाळी ते खोडून नुसते ‘कशावरून’ असे लिहिले. हे चित्र कशावरून काढले, आणि ही तीच व्यक्ती आहे हे कशावरून, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दात मावतात. दोन्हींची उत्तरे मात्र वेगवेगळ्या ओळींत लिहायची आहेत.

६ ऑगस्ट

आजचा दिवस चित्रांखालच्या बारीक अक्षरांत गेला. कोरीव छापचित्राच्या खालच्या कडेला बहुधा डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे आणि उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे नाव असते, आणि प्रत्येक नावापुढे त्याचे काम सांगणारा लॅटिन शब्द असतो. ‘पिंक्सिट’ म्हणजे याने रंगवले, ‘डेलिनेआविट’ म्हणजे याने रेखाटले, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे याने कोरले, ‘एक्स्कूडिट’ म्हणजे याने छापून प्रसिद्ध केले. हे शब्द अर्ध्यावर तोडून लिहायची रीत असल्यामुळे जुन्या सूचीकाराने दोन ठिकाणी ‘पिंक्स’ हे आडनाव समजून घेतले आहे. हसू आले, पण ते अक्षर इतके बारीक आहे की भिंगाशिवाय मीही तेच केले असते.

इंग्लंडमधल्या चित्रांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. विल्यम होगार्थ आणि इतर कोरीवकारांनी खटपट करून १७३५ मध्ये जो कायदा करवून घेतला, त्यात छापचित्राचा हक्क राखायचा असेल तर मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख प्लेटवर, म्हणजे चित्र कोरलेल्या धातूच्या पत्र्यावर, कोरणे आवश्यक ठरले. त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच चित्रांवर नेमकी तारीख सापडते. ती तारीख प्लेट प्रसिद्ध झाल्याची असते. माणूस चित्रकारासमोर कधी बसला, याच्याशी तिचा संबंध नाही, आणि हातातली प्रत कधी छापली, याच्याशीही नाही. प्लेट विकली जाई, नवा मालक आपले नाव कोरी आणि जुनी तारीख तशीच राहू देई. तक्त्यात त्यामुळे एका तारखेऐवजी तीन तारखांची जागा करावी लागली.

जेथे तारीख नाही तेथे कधी कधी पदवी उपयोगी पडते. ऑर्थर वेलस्ली १८०९ मध्ये व्हायकाउंट वेलिंग्टन झाला, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्विस, आणि १८१४ मध्ये ड्यूक. आपल्याकडच्या एका प्रतीत त्याला मार्क्विस म्हटले आहे, म्हणजे ती अक्षरे १८१२ ते १८१४ या काळातली असणार. शेजारच्या प्रतीत चेहरा, गणवेश, मागचे आभाळ, सगळे रेघन्‌रेघ तेच आहे, पण खाली ‘ड्यूक’ आहे, आणि भिंगाखाली त्या शब्दाभोवतीचा कागद जरा मळकट दिसतो, कारण प्लेटवरची जुनी अक्षरे घासून काढल्याच्या खुणांत शाई अडकलेली आहे. प्लेट एक आणि तिच्या अवस्था दोन. जुन्या सूचीत यांना ‘दुबार’ म्हटले होते आणि एक प्रत काढून टाकावी अशी पेन्सिलीने सूचना केली होती. ती सूचना रद्द केली.

७ ऑगस्ट

पाकिटे बदलली. छायाचित्रांसाठी नायट्राइलचे हातमोजे, कागदी छापचित्रांसाठी स्वच्छ कोरडे हात. दुसरे काही नोंदवण्यासारखे नाही.

११ ऑगस्ट

चित्र कोणत्या तंत्राने छापले आहे, हे आज खोक्यातल्या प्रत्येक चित्रासाठी नव्याने ठरवले, कारण ‘कोरीव’ हा शब्द जुन्या सूचीत सरसकट वापरला आहे. तांब्याच्या किंवा पोलादाच्या प्लेटवरून छापताना ओलसर कागद यंत्राच्या दाबाने प्लेटवर बसतो आणि तिच्या कडांचा चौकोनी ठसा कागदात उमटतो. दिवा बाजूने तिरपा धरला की तो दिसतो. शिळाछापाला आणि लाकडी ठशाला असा ठसा नसतो. मेझोटिंटमध्ये आधी सगळी प्लेट दातेरी हत्याराने खरबरीत करतात, म्हणजे ती तशीच छापली तर गडद काळी येईल, आणि मग उजेड हवा तेथे ती घासून गुळगुळीत करतात. त्यामुळे त्या चित्रात रेषा नसून मखमलीसारखी सावली असते. ती पृष्ठभागाची मखमल छपाईत लवकर झिजते. म्हणून मेझोटिंटच्या सुरुवातीच्या प्रती आणि शेवटच्या प्रती शेजारी ठेवल्या, तर शेवटच्या प्रतीतला माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. पोलादी प्लेट १८२० नंतर प्रचारात आली, तेव्हा एका प्लेटवरून हजारो प्रती निघू लागल्या आणि चेहरा ही स्वस्त वस्तू झाली.

अडचण अशी की निम्म्याहून अधिक चित्रांच्या कडा कापलेल्या आहेत. याचे मूळ एका छंदात आहे. जेम्स ग्रेंजर या धर्मोपदेशकाने १७६९ मध्ये इंग्लंडचा जो चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला, तो वस्तुतः कोरीव व्यक्तिचित्रांची सूचीच होता. त्यात माणसांचे राजघराण्यापासून खाली बारा वर्ग केले होते, आणि शेवटच्या वर्गात आयुष्यातल्या एखाद्याच गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली सामान्य माणसे होती. त्या ग्रंथाच्या निमित्ताने व्यक्तिचित्रे जमवून ती पुस्तकांच्या पानांमध्ये बांधून घेण्याची हौस बोकाळली. पान मोठे आणि चित्र लहान, किंवा उलटे, म्हणून कात्री चालवली गेली. आणि चित्रे मिळवण्यासाठी दुसरी पुस्तके उसवली गेली. कात्रीने नेमका गेला तो प्लेटचा ठसा आणि खालची नावाची ओळ, म्हणजे ‘कशावरून’ या रकान्याचे जवळजवळ सगळे उत्तर. ज्या माणसाने आमच्या कामाचा पाया घातला, त्याच्याच नावाने हा नाशही ओळखला जातो, याचे मला जरा वाईट वाटते. त्याने स्वतः कात्री चालवायला सांगितली नव्हती.

१८ ऑगस्ट

चूक माझी आहे, म्हणून ती येथे सविस्तर नोंदवतो. मागच्या आठवड्यात स्कॅन केलेल्या पहिल्या दोन खोक्यांच्या प्रतिमा मी चित्राच्या चौकटीपाशी कापून साठवल्या. पडद्यावर त्या नेटक्या दिसत होत्या. आज एका चित्राच्या प्लेटचा ठसा मोजायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की ग्रेंजरच्या अनुयायांनी कात्रीने जे केले तेच मी माऊसने केले होते, फरक इतकाच की माझ्याकडे मूळ वस्तू शाबूत आहे. दोन्ही खोकी पुन्हा स्कॅन करावी लागणार. यापुढे कागदाच्या चारही कडा, रंगपट्टी आणि मोजपट्टी चौकटीत येतील. प्रत्येक वस्तूची मागची बाजू, कोरी असली तरी, स्कॅन होईल. आणि कोरीव चित्रांचे एक जास्तीचे छायाचित्र तिरप्या उजेडात घेतले जाईल.

२१ ऑगस्ट

‘लिंकन. कोरीव चित्र. मोठे.’ आज हे चित्र उघडले. लिंकन मेजाजवळ उभा आहे, अंगावर लांब झगा आहे, मेजावर कागद आहेत, मागे खांब आणि पडदा आहे. शरीराची ठेवण राजबिंडी आहे. त्याच्या छायाचित्रांत दिसणारा अघळपघळ बांधा येथे नाही. मान आणि गळपट्टा यांचा सांधा मला पहिल्यापासून खटकला, पण खटकणे हा पुरावा नव्हे.

पुरावा तीळ आहे. लिंकनच्या उजव्या गालावर, तोंडाच्या कोपऱ्याजवळ ठसठशीत तीळ होता. या चित्रात तो डाव्या गालावर आहे. म्हणजे डोके उलटे आलेले आहे. आणि त्या उलट्या डोक्याला मूळ सापडते, कारण ते छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या वॉशिंग्टन शहरातल्या स्टुडिओत ९ फेब्रुवारी १८६४ रोजी घेतलेल्या छायाचित्राशी जुळते, ज्यावरून पुढे पाच डॉलरच्या नोटेवरचा चेहरा कोरला गेला. कोरणारा ते छायाचित्र जसे दिसते तसे प्लेटवर उतरवत गेला, आणि प्लेटवर सुलटे कोरलेले कागदावर उलटे छापले गेले.

शरीर मात्र लिंकनचे नाहीच. ते अमेरिकन राजकारणी जॉन कॅल्हून यांचे आहे, जे १८५० मध्ये वारले, गुलामगिरीचे कट्टर समर्थक होते आणि आयुष्याच्या उत्तरार्धात राज्यांच्या सार्वभौमत्वासाठी बोलत राहिले. ए. एच. रिची यांनी कोरलेले त्यांचे उभे चित्र १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच्यावर लिंकनचे डोके बसवून हे नवे चित्र विकले गेले. मेजावरच्या कागदांवरची अक्षरेही बदलली आहेत. कॅल्हूनच्या चित्रात तेथे काटेकोर संविधान, मुक्त व्यापार आणि राज्यांचे सार्वभौमत्व असे शब्द होते. आपल्या प्रतीत भिंगाखाली संविधान, संघराज्य आणि मुक्तीचा जाहीरनामा असे वाचता येते. ही जोडणी छापचित्रांच्या अभ्यासकांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. मी काही शोध लावलेला नाही. पण आपल्या सूचीत हे चित्र आजवर लिंकन कसा उभा राहत असे याचा दाखला म्हणून वाचकांना दिले जात होते.

नोंद अशी केली : डोके कशावरून, १८६४ चे छायाचित्र, उलटे; शरीर कशावरून, १८५२ चे कॅल्हूनचे कोरीव चित्र; म्हणून १८६४ पूर्वीचे असू शकत नाही. कॅल्हूनच्या नावाखालीही उलट-संदर्भ दिला. त्या दोघांना एका पाकिटात ठेवायची वेळ आली, हे दोघांनाही रुचले नसते.

२२ ऑगस्ट

कालच्या प्रकरणावरून हे अपवादात्मक लबाडीचे उदाहरण वाटेल, म्हणून दोन जुनी उदाहरणे जोडून ठेवतो. पिएर लोंबार्ट याने सतराव्या शतकात चित्रकार व्हॅन डाइकच्या धर्तीवर एक अश्वारूढ चित्र कोरले. त्या एकाच प्लेटवर वेगवेगळ्या वेळी क्रॉमवेल, चौदावा लुई आणि पहिला चार्ल्स यांची डोकी बसवली गेली, म्हणजे ज्याचा शिरच्छेद झाला तो चार्ल्स आणि ज्याच्या राजवटीचा पाया त्या शिरच्छेदावर उभा राहिला तो क्रॉमवेल, दोघेही त्याच घोड्यावर बसले. डोके घासून काढलेल्या, बिनमुंडक्याच्या अवस्थेतल्या प्रतीही टिकून आहेत. त्याहून मागे, १४९३ च्या न्यूरेंबर्ग येथील सचित्र इतिहासग्रंथात साडेसहाशेच्या आसपास लाकडी ठशांतून अठराशेहून अधिक चित्रे छापली आहेत, आणि एकच चेहरा निरनिराळ्या पानांवर निरनिराळ्या नावांनी येतो. त्या वाचकांना त्यात फसवणूक वाटली नसावी. चित्र म्हणजे ‘येथे एक राजा आहे’ अशी खूण होती. चेहरा हुबेहूब हवा ही मागणी पुढची आहे, आणि आपली सूची नकळत ती मागणी सगळ्या शतकांवर लादते.

२८ ऑगस्ट

छायाचित्रांच्या खोक्यांना हात घातला. बहुतेक कार्ट-द-व्हिझिट आहेत, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच पुठ्ठ्यावर डकवलेली अल्ब्युमिन प्रत. पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. एका काचेवर अनेक छबी घेऊन त्या एकदम छापायच्या आणि कापून विकायच्या, ही त्यातली युक्ती. अंड्याच्या पांढऱ्यावर धरलेली चांदीची प्रतिमा पिवळी पडत जाते, आणि आपल्याकडच्या कित्येक थोरांच्या कपाळावरचा उजेड आता चहाच्या रंगाचा झाला आहे. शेजारीच ठेवलेल्या वुडबरीटाइप प्रती मात्र टवटवीत आहेत, कारण त्यांत चांदी नसून जिलेटिनमध्ये कालवलेला रंग असतो. दोन्ही ‘छायाचित्र’ म्हणूनच नोंदलेल्या होत्या. ठेवण्याच्या गरजा वेगळ्या असल्याने त्यांना वेगळे केले.

येथे वाटले होते की ‘कशावरून’ हा प्रश्न उरणार नाही, कारण छायाचित्र हे माणसावरूनच काढलेले असते. तसे नाही. कार्डाच्या मागे एकाच मजकुरात दोन नावे आहेत : प्रकाशक म्हणून न्यूयॉर्कचे अँथनी बंधू आणि निगेटिव्ह ब्रेडी यांच्या गॅलरीतली. आणि ब्रेडी यांच्या नावावर असलेली अनेक छायाचित्रे प्रत्यक्षात त्यांच्या पदरच्या माणसांनी घेतली. वर उल्लेखलेली १८६४ ची बैठक अँथनी बर्जर यांनी टिपली होती. म्हणजे कोरीव चित्राखाली जसे तीन जणांचे तीन लॅटिन शब्द असत, तशाच तीन भूमिका येथेही आहेत, पण लिहिलेले नाव दुकानाचे. ‘छायाचित्रकार’ हा रकाना मोडून ‘स्टुडिओ’, ‘कॅमेऱ्यामागची व्यक्ती’ आणि ‘प्रकाशक’ असे तीन केले. मधला बहुतेक वेळा रिकामाच राहणार आहे.

मागच्या बाजू स्कॅन करण्याचा निर्णय आज कारणी लागला. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत छायाचित्रांवर कर होता आणि विक्रेत्याला मागे महसुली तिकीट चिकटवून ते रद्द करावे लागे. आपल्याकडे अशी अकरा कार्डे निघाली. ती त्या दोन वर्षांत विकली गेली, एवढे निश्चित; छबी मात्र त्याआधीची असू शकते, आणि दोन कार्डांत ती छायाचित्र नसून कोरीव चित्राचे काढलेले छायाचित्र आहे. चेहऱ्यावरच्या सावलीत समांतर रेघा दिसल्या तेव्हा ते लक्षात आले.

२ सप्टेंबर

उलट दिशेचा प्रवासही सापडला. डॅगेरोटाइप ही चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरची एकमेव प्रत असते. तिची दुसरी प्रत छापता येत नाही. म्हणून ब्रेडी यांनी १८५० मध्ये नामवंत अमेरिकनांची चित्रमाला काढली, तेव्हा डॅगेरोटाइपवरून फ्रान्सिस डाव्हिन्यॉन यांच्याकडून शिळाछापे करवून घेतली. चोवीस काढायची होती, बारा निघाली. त्यांत कॅल्हूनही आहेत, या वेळी स्वतःच्या शरीरासह.

डॅगेरोटाइप आणि टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरचे छायाचित्र) यांत माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो, हे लक्षात न घेतल्यामुळे अमेरिकेतला कुख्यात बंदूकबाज बिली द किड डावखुरा होता अशी समजूत दीर्घकाळ चालली. त्यासाठी तपासायच्या खुणा ठरवून घेतल्या : पुरुषांच्या कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत, पदके छातीच्या कोणत्या बाजूला आहेत, भांग आणि तीळ कोठे आहेत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या खोक्यात हा प्रश्न सर्वात किचकट झाला आहे. ‘स्टुअर्टवरून’ असे खाली लिहिलेले असते, पण चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट याने १७९५ मध्ये वॉशिंग्टनला प्रथम समोर बसवून काढले तेव्हा चेहऱ्याची उजवी बाजू दाखवली, आणि १७९६ च्या चित्रात डावी. हे दुसरे चित्र त्याने मुद्दाम अपुरे ठेवले आणि आपल्याजवळ ठेवून त्याच्या कित्येक नकला विकल्या. छापताना उलटलेले दुसरे चित्र वरवर पाहता पहिल्यासारखे भासते. बाजू पाहून ठरवता येत नाही. गळपट्टा, केस आणि कोट एकेक करून जुळवावे लागतात. दिवसभरात नऊ चित्रे झाली.

५ सप्टेंबर

लिंकनच्या दाढीपुरती छोटी नोंद. ऑक्टोबर १८६० मध्ये ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने पत्र लिहून दाढी राखण्याचा सल्ला दिला आणि निवडणुकीनंतर त्याने ती राखली, त्यामुळे बिनदाढीचे चित्र जुने आणि दाढीचे नवे, असा सोपा नियम आपल्या सूचीने धरला होता. प्रकाशकांनी त्यांच्याकडच्या बिनदाढीच्या प्लेटांवर दाढी कोरून घेतली, ही गोष्ट त्यात बसत नाही. आपल्याकडच्या एका चित्रात दाढी १८६१ ची आहे आणि कोट, गळपट्टा व बसण्याची ठेवण ब्रेडी यांच्या २७ फेब्रुवारी १८६० च्या छायाचित्राची आहे. दोन्ही तारखा लिहिल्या.

९ सप्टेंबर

जेथे साखळी संपते तेथे काय लिहावे, यावर सहकाऱ्यांशी बराच वेळ चर्चा झाली. निमित्त होते शेक्सपिअरच्या चित्राच्या उत्तरकालीन नकलांचे. त्या सगळ्या मार्टिन ड्रोएशाउट याने १६२३ च्या नाट्यसंग्रहासाठी कोरलेल्या चित्रापर्यंत मागे नेता येतात. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला आणि तेव्हा ड्रोएशाउट पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासमोर कवी बसला असण्याचा संभव फार कमी, म्हणजे त्याच्यापुढे दुसरे एखादे चित्र असावे, आणि ते आपल्यापुढे नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की रकाना रिकामा ठेवावा. माझे म्हणणे असे की रिकामा रकाना ‘कोणी पाहिले नाही’ असे सांगतो, आणि येथे तर पाहिले आहे. शेवटी ‘मूळ हाती नाही’ असा ठराविक शब्दप्रयोग सर्वांसाठी मान्य झाला. तो नाइलाजानेच वापरायचा आहे.

१२ सप्टेंबर

पहिल्या टप्प्यातल्या शेवटच्या खोक्याच्या तळाशी एक कार्ड निघाले. पांढऱ्या दाढीचे वृद्ध गृहस्थ, खुर्चीत, हातात मिटलेले पुस्तक. स्टुडिओचे नाव असलेला पुठ्ठ्याचा भाग कापलेला आहे. मागे पेन्सिलीने एका हस्ताक्षरात एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव लिहिले आहे, आणि त्यावर काट मारून दुसऱ्या हस्ताक्षरात एका बिशपचे. बोटात अंगठी दिसते, पण त्यावरचा खडा स्पष्ट नाही. कोटाची बटणे नेहमीच्या बाजूला आहेत.

दोन्ही नावे, दोन्ही हस्ताक्षरांच्या उल्लेखासह आणि काट मारल्याच्या उल्लेखासह, ‘कशावरून’च्या दुसऱ्या ओळीत उतरवली. मुख्य नावाच्या जागी ‘अज्ञात वृद्ध, पुस्तकासह’ असे लिहिले आणि कार्ड ‘अ’ या अक्षराखाली लावले.